मोहात पडलो म्हणजे प्रार्थना कमी पडली?

वाटसरू
‘गुडघ्यांना प्रार्थनेची सवय असली की मोह शिवत नाही. पडलात म्हणजे प्रार्थना कमी पडली,’ असं शमुवेलच्या बाबांनी काल लिहिलं. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही. मी रोज पहाटे प्रार्थना करायचो आणि रोज रात्री मोबाइलवर जुगार खेळायचो. दोन्ही मनापासून. दमून एकटा पडलो की हात तिकडेच जायचा. सैतान प्रभू येशूकडेही 40 दिवसांच्या उपासानंतर, भूक लागल्यावरच आला. तेव्हा प्रभूची प्रार्थना कमी पडली होती का?

शमुवेलचे बाबा
प्रभूला आपल्या जुगाराच्या शेजारी बसवू नका. तो भुकेला होता, पण पडला नाही. तिन्ही वेळा सैतानाला उत्तर म्हणून त्याने जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं वचन पुढे केलं. वचन पाठ असतं तर तुमच्याही ओठी आलं असतं. देव शक्तीपलीकडे परीक्षा होऊ देत नाही, बायबलमध्येच आहे, 1 करिंथ 10:13.

रूथताई
ते वचन अर्ध्यावर तोडू नका, दादा. निभावण्याचा उपायही देव देतो, असं पुढे आहे. मालकाची, पोटीफरची बायको मोहात पाडू लागली तेव्हा योसेफ तिला वचनं ऐकवत थांबला नाही, वस्त्र तिच्या हातात सोडून पळाला.

शमुवेलचे बाबा
पळण्याआधी तो तिला रोज नकार देत होता, तेही उत्पत्ती 39 मध्येच आहे.

ग्रीकचा विद्यार्थी
घोळ शब्दाचा आहे. मूळ ग्रीक ‘पेइरास्मोस’चा अर्थ मोह आणि परीक्षा, दोन्ही. मग प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत ‘आम्हांस परीक्षेत आणू नको’ म्हणताना देवच आपल्याला खड्ड्याकडे नेतो, असं वाटत नाही का? याकोब तर आपल्या पत्रात सांगतो, देव कुणाला मोहात पाडत नाही. 2017 मध्ये पोप फ्रान्सिस यांनीही या ओळीच्या भाषांतरावर नाराजी व्यक्त केली. पुढे इटलीतल्या उपासनेत शब्द बदलले.

शमुवेलचे बाबा
म्हणून आता प्रभूची प्रार्थनाही दुरुस्त करायची? माझी आई शेवटच्या श्वासापर्यंत हेच शब्द म्हणत होती. तिला कधी शंका आली नाही.

ग्रीकचा विद्यार्थी
आईंचा विश्वास मोठाच. पण प्रभूने शिष्यांना ही प्रार्थना मराठीत शिकवली नव्हती. भाषांतर माणसांनी केलं, त्यावर बोलणं पाप नाही.

रूथताई
पापाचं राहू द्या. मला ‘परीक्षा’च बरा वाटतो. नवरा गेला त्या वर्षी मला कसला मोह नव्हता, नुसती परीक्षा होती. ‘मोह’ घातलात तर माझ्यासारखीने काय मागायचं?

वाटसरू
मी बुडत होतो ते सांगितलं आणि तुम्ही शब्दाचं मूळ शोधताय! ऐका तरी. प्रार्थनेने नाही, पाठांतराने नाही, मी एका मित्राला सगळं कबूल केलं तेव्हा सुटलो. रात्री 10 वाजता फोन त्याच्याकडे ठेवून यायचो. याकोब 5:16, एकमेकांजवळ पापं कबूल करा. मंडळीत मात्र सांगायची भीती वाटली, कारण तिथेही कुणीतरी ‘प्रार्थना कमी पडली’ म्हणालं असतं.

शमुवेलचे बाबा
असा मित्र देवाने दिला, तोही प्रार्थनेचं उत्तर म्हणूनच.

वाटसरू
असेल. मग पहाटेची ती प्रार्थना कमी कशी पडली?

शमुवेलचे बाबा
ते वाक्य मागे घेतो. माझा धाकटा सहा महिने माझ्याशी धड बोलत नाही. काय चाललंय ते मी विचारलं नाही, नुसतं प्रार्थना कर म्हणालो. आज विचारतो. ‘परीक्षा’ मात्र मी बदलू देणार नाही.