भिंतीचा उरलेला रंग पडद्यांना चालेल का?

पिंपळपान:
हॉलची एक भिंत मोरपिशी करून घेतली. इमल्शनचा साधारण अर्धा लिटर रंग डब्यात उरलाय. खिडकीचे दोन पांढरे पडदे आणि सोफ्यावरच्या कुशनचे चार अभ्रे याच रंगात बुडवले तर भिंतीशी जुळतील असं वाटतंय. बादलीभर पाण्यात रंग कालवायचा आणि कापड भिजवायचं, एवढंच डोक्यात आहे. पडदे आईने शिवलेत. डोळ्यांमुळे तिचं शिवण आता बंद झालंय, त्यामुळे ते बिघडले तर पुन्हा मिळणार नाहीत. कोणी असं केलंय का?

काठपदर:
ताई, पडद्यांना लगेच हात लावू नका. मी मांजरपाटाचे सहा अभ्रे आणि एक पडदा असाच भिंतीच्या रंगात बुडवला होता. अभ्रे अजून वापरात आहेत. पडदा मात्र पुठ्ठ्यासारखा झाला. चुण्या पडेनात, वाऱ्यावर हलेना, आणि जिथे घडी पडली तिथे पांढरट रेघा उमटल्या.

कारण असं की कापड रंगवायचा रंग धाग्याच्या आत शिरतो. भिंतीचा रंग म्हणजे रंगाची पूड आणि तिला धरून ठेवणारा चिकट द्रव. तो धाग्यावर थर करून बसतो आणि वाळला की कडक होतो. त्यात खडूसारखी भरही असते. डिस्टेंपर असेल तर विचारच सोडा, पहिल्या धुण्यात निघून जातो. ऑइल पेंटही नको.

अभ्र्यांना मात्र जरूर द्या. कापड आधी गरम पाण्यात साबणाने धुवा, कारण नव्या कापडाला खळ असते आणि खळीवर रंग ठिपक्याठिपक्यांनी धरतो. सुती कापड आटायचं तेही तेव्हाच आटतं. मी एक वाटी रंगाला चार वाट्या पाणी घेतलं होतं. पाणी थोडं थोडं घालत ढवळा, मग कापडातून गाळून घ्या. गुठळी राहिली तर तिचा डाग पडतो. चारही अभ्र्यांना पुरेल इतका रंग एकदमच कालवा, दुसऱ्या खेपेला तीच छटा येत नाही. अभ्रे ओले करून, पिळून मगच बुडवा. आणि आधी चिंधीवर बघा, ओलं कापड नेहमी गडद दिसतं.

मऊपणा हवा असेल तर चित्रकलेच्या दुकानात अॅक्रिलिक रंगात मिसळायचं फॅब्रिक मीडियम मिळतं. छोट्या कामाला मी आता तेच वापरते, कापड हाताला खूपच मऊ लागतं.

सुईदोरा:
वाळवण्याबद्दल माझ्याकडून. दोरीवर टाकू नका. मी टाकले होते, रंग ओघळून सगळा खालच्या काठाला जमला आणि चिमट्यांच्या जागी गडद चौकोन उठले. पाणी जिकडून आधी उडतं तिकडे रंगाची पूड ओढली जाते. गच्चीवर प्लास्टिक अंथरून, सावलीत, एकही सुरकुती न ठेवता आडवं पसरा, अधूनमधून उलटा. खडखडीत वाळल्यावर वर पातळ फडकं ठेवून उलट्या बाजूने कोरडी इस्त्री फिरवा, वाफ नको. मग आठवडाभर पाणी लावू नका.

पडद्यांसाठी सुती कापडाचा रिॲक्टिव्ह रंग आणा. त्याला धुण्याचा सोडा लागतो, सोड्यामुळे तो रंग सुताशी कायमचा जोडला जातो. खायचा सोडा त्या कामाला कमी पडतो. पण पडदे सुतीच आहेत ना? शिवणीच्या आतून एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. कागद जळल्याचा वास येऊन भुरभुरीत राख झाली तर सुती. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर, आणि त्याला हा रंग धरतच नाही.

पिंपळपान:
दोघींचे मनापासून आभार. धागा जाळला. उभा धागा राख झाला, आडव्याचा मणी. म्हणजे मिसळीचं कापड. आईला विचारलं तर म्हणाली, "इस्त्री लागू नये म्हणून मुद्दाम तसलं घेतलं होतं." तेव्हा पडदे पांढरेच ठेवले.

अभ्रे काल केले, वाटीला चार वाट्या या मापाने. एका अभ्र्याच्या कोपऱ्यात गडद ढग आलाय, तिथे प्लास्टिक उंचसखल होतं. बाकी तिन्ही एकसारखे. भिंतीपेक्षा बरेच फिके झालेत, पण पांढऱ्या पडद्यांशेजारी तेच जास्त छान दिसतायत. इस्त्री उद्या. काठपदर, ढगावर दुसरा हात दिला तर बुजेल का?

काठपदर:
नको, त्या जागी थर आणखी जाड होईल. ढगाची बाजू मागे करा, किंवा त्याच रंगात मीडियम घालून चारही कोपऱ्यांत ब्रशने एकेक पान काढा.