पथ्य एकट्याला की घराला? नाशिककरांनो, तुमच्या घरचा अनुभव सांगा

नमस्कार. मी नाशिकमध्ये आहारसल्लागार म्हणून काम करते. घरातल्या एकाचा रिपोर्ट येतो, डॉक्टर खाणं सांभाळायला आणि चालायला सांगतात, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या माणसापुरतं वेगळं पातेलं गॅसवर चढतं. बाकीच्यांच्या पानात बटाट्याची भाजी, पुरी, श्रीखंड, आणि त्याच्यासमोर दुधी. काही आठवडे निभतं. मग सण येतो, पाहुणे येतात आणि ते पातेलं मागे पडतं. मी हे पुन्हा पुन्हा पाहते आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण माणूस मनापासून तयार असतो, फक्त एकटा पडलेला असतो.

म्हणून मी पथ्य घराला लावते. अर्थात घराला लावायचं म्हणजे घरातल्या बाईच्या डोक्यावर आणखी एक काम टाकायचं नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम हवा, आणि 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं. म्हणजे नातवाला आजोबांपेक्षा जास्त हालचाल हवी. प्रत्यक्षात आजोबा ट्रॅकवर असतात आणि नातू क्लासमध्ये.

तुमच्याकडे काय जमलं, कोण रुसलं, स्वयंपाकात काय बदललं, ते सविस्तर लिहा. गोळ्या-औषधांचं मात्र ज्याचं त्याने आपल्या डॉक्टरांनाच विचारायचं.

इंदिरानगर, दोन मुलांची आई

सासऱ्यांची साखर वाढली तेव्हा सासूबाईंनीच ठरवलं की या घरात दोन स्वयंपाक होणार नाहीत. त्या मूळच्या पेठ तालुक्यातल्या, नागलीवर म्हणजे नाचणीवर वाढलेल्या. लग्न होऊन शहरात आल्यावर नागली फक्त पापडापुरती उरली होती, ती पुन्हा डब्यात आली.

मला नागलीची भाकरी जमत नव्हती, थापताना कडेने चिरायची. सासूबाईंनी शेजारी उभं राहून शिकवलं. पाण्याला खळखळून उकळी आणायची, चिमूटभर मीठ टाकायचं, पीठ वैरायचं, गॅस बंद करून झाकण ठेवायचं. हाताला सोसवेल इतकं निवलं की तळहाताने रगडून मळायचं. नागलीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे उकड काढल्याशिवाय ती धरून राहत नाही. तव्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवला आणि ते पाणी सुकायच्या आत उलटली की भाकरी फुगते. पहिली फुगली तेव्हा माझा धाकटा ओट्यापाशी धावत आला होता.

मुलांनी भाकरी लगेच खाल्ली असं नाही. त्यांना डोशाच्या पिठात निम्मी नागली चालली, आंबील ताक घालून चालली, भाकरी मात्र अजूनही फक्त पिठल्याबरोबर. चालतंय. ताटाची डावी बाजूही बदलली. लोणचं-पापड रोज होतं, आता काकडी, गाजर, मुळा, जे मिळेल ते. ते चिरायचं काम मुलांचं आणि त्यांच्या बाबांचं.

रात्री जेवणं झाली की सगळे खाली उतरतो. सासरे पुढे, आम्ही मागे, कॉलनीला दोन-तीन फेऱ्या. भांडी घासायची ती परत आल्यावर, आणि तीही आळीपाळीने. हे ‘आल्यावर’ ठरवायलाच सगळ्यात जास्त वाद झाला. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी पुढच्या खेपेला खाली आली तेव्हा सासऱ्यांनी रिपोर्ट घडी घालून देवघरात ठेवला.

सातपूर, कारखान्यात शिफ्टची नोकरी

एकत्र जेवण वगैरे आमच्याकडे बोलूच नका. एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक नाइट. मी घरी येतो तेव्हा मुलगी शाळेत, ती येते तेव्हा मी झोपलेला. डॉक्टरांनी झोप, वजन, रक्तदाब तिन्हीवरून बोलणं सुरू केलं तेव्हा मी बायकोसोबत बसून शिफ्टप्रमाणे कागद केला.

सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळ माझी. पोरीचा डबा मी करतो आणि बायको चालायला जाते. लग्नानंतर पहिल्यांदा तिला सकाळची वेळ स्वतःची मिळाली, हे तिने सांगितलं तेव्हा मला बोलवेना. डब्यात मी काय करतो? मोड आलेल्या मटकीची उसळ, मेथीचे ठेपले, अंड्याची भुर्जी-पोळी. शिकलो. नाइटला कँटीनचा वडापाव टाळायला भाजलेले चणे-शेंगदाणे आणि एखादं पेरू-केळं घरून नेतो.

साप्ताहिक सुट्टीला तिघं पांडवलेण्याला. सकाळी लवकर गेलं की पायऱ्यांवर सावली असते. सुमारे 2000 वर्षांपूर्वी कोरायला घेतलेली ती 24 लेणी आहेत. मुलीने प्रत्येकीपाशी थांबून बघायचं ठरवलं, त्यामुळे दमही टिकतो आणि वेळ जातो. तिला आता पळायचं आहे. हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत 2010 च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली, हे शाळेत कळल्यापासून तर जास्तच. आपल्याच जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यावरची मुलगी इथवर पोचली, हे मी तिला वारंवार सांगतो आणि सांगताना मलाच भरून येतं.

जेल रोड, नाशिकरोड. वय 71

मी निवृत्त, पत्नीचे गुडघे दुखरे. चालणं तिला झेपत नव्हतं आणि मी एकटाच रोज फिरून यायचो. फिजिओथेरपिस्टने तिला खुर्चीवरून हात न टेकता उठायचा-बसायचा व्यायाम दिला. वयाबरोबर मांडीचे स्नायू झडतात, आणि तोल जाऊन पडण्याची भीती त्यातूनच येते, असं त्यांनी नीट समजावलं. मग ठरवलं की जेवणाच्या टेबलाच्या सगळ्या खुर्च्या सायंकाळी ओळीने मांडायच्या. मी, ही, सून, नातू. नातू आकडे मोजतो आणि आजीने पाठ वाकवली की लगेच टोकतो. नंतर ओट्याला बोटं टेकून एका पायावर उभं राहायचं. तेवढा वेळ टीव्ही बंद, फोन बंद. ही आता भाजी घ्यायला जिन्याने खाली जाते. चार जिने आहेत हो.

दिंडोरी तालुका, द्राक्षबागायतदार घरातली सून

आमच्याकडे ‘शेतात राबतो, व्यायाम कशाला’ हे वाक्य रोजचं. राबणं सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नाही, हे कुणी बघत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बायका दिवसभर वाकून-उभं राहून काड्या-घडांची कामं करतात, पुरुष ट्रॅक्टरवर किंवा दुचाकीवर. दीर आणि नवरा दोघांची पोटं सुटली. मला आणि जावेला मात्र रक्त कमी, दोघींचं हिमोग्लोबिन खाली.

तपासणाऱ्या ताईंनी विचारलं, “तुम्ही कधी जेवता?” पुरुष आधी, मग मुलं, मग सासूबाई, शेवटी आम्ही. तेव्हा पातेल्यात रस्सा असतो, फोडी नसतात. डाळीचं पाणी असतं, डाळ नसते. हे आमच्या दोघींच्या रक्तात दिसत होतं.

आता रात्रीचं जेवण सगळ्यांचं एका पंगतीत. सासूबाई म्हणाल्या, वाढणार कोण? मधे भांडी ठेवायची, ज्याने त्याने घ्यायचं. सासरे दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच जावेच्या ताटात उसळ वाढली. मला त्या संध्याकाळचं अजून अप्रूप आहे.

बाकी खाणं म्हणाल तर बांधावर शेवगा आहे, परसात चुका, मेथी, पालक. पावसाळ्यात डोंगराकडून करटोली येतात. हुलग्याचं पिठलं आठवड्याला असतंच. वर लिंबू पिळायचं, कारण क जीवनसत्त्वामुळे त्यातलं लोह अंगी लागतं. जेवणाला लागून चहा बंद केला, त्याने लोह अडतं. घरातल्या पुरुषांना हा चहा सोडणं सगळ्यात जड गेलं, पण आमच्यासाठी त्यांनीही सोडला.

कॉलेज रोड, विद्यार्थी

नाशिकमध्ये रविवारी मिसळ सोडा म्हणणारा माणूस घरात टिकणार नाही! आम्ही मिसळ सोडली नाही. महिन्यातून एकदा चौघं सायकलने गंगापूर रोडने शहराबाहेर जातो, तिथे खातो, सायकलनेच परत. बाकीचे रविवार घरी. मोड आलेली मटकी भरपूर, तर्री बेताची, फरसाण वरून मूठभर, पाव एकच, सोबत दही आणि कांदा. मसाला वाटणं बाबांकडे, मोड आणणं माझ्याकडे. शनिवारी सकाळी मटकी भिजत घालायची, रात्री निथळून फडक्यात बांधायची. थंडीत मोडांना जास्त वेळ लागतो, तेव्हा एक दिवस आधीपासून.

धागाकर्ती

इंदिरानगरच्या ताई, 100 ग्रॅम नागलीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. मुलांसाठी आणि सासूबाईंसाठी फार चांगलं. मात्र नागली झाली तरी तिच्यात पिष्ट भरपूर आहे. सासऱ्यांच्या भाकरीची संख्या ठरलेलीच ठेवा आणि सोबत डाळ, उसळ, भाजी जास्त असू द्या. जेवणानंतर लगेच चालण्याने साखर फार वर चढत नाही, ती सवय मोडू नका.

दिंडोरीच्या ताई, तुमचा अनुभव मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक घराला वाचून दाखवणार आहे.

पंचवटी, एकत्र कुटुंब

आमच्या घरात ब्रह्मगिरीच्या फेरीची, म्हणजे त्र्यंबकेश्वरच्या त्या डोंगराला प्रदक्षिणा घालायची परंपरा आहे, तिसऱ्या श्रावणी सोमवारची. लहान फेरीही साधारण 20 किलोमीटर. पावसात, चिखलात, अनवाणी चालणारेही असतात. पूर्वी फक्त काका आणि वडील जायचे. आता आई, काकू, आम्ही चुलत भावंडं सगळे जातो आणि त्यासाठी आषाढातच सराव सुरू होतो. आधी गंगेच्या म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठाने, मग म्हसरूळच्या चांभार लेण्यांच्या पायऱ्या, मग एखाद्या रविवारी रामशेज किल्ला. ध्येय देवाचं असल्यामुळे कुणी दांडी मारत नाही, आणि देवळापर्यंतही रिक्षा करणारी काकू आता बुधवारच्या बाजारातून पिशव्या घेऊन चालत येते.

उपवासाला साबुदाण्याऐवजी भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळं, ताक. तळलेले वडे एकादशीलाच.

सिडको

सगळ्यांचं वाचून बरं वाटलं. आमच्याकडे मी आणि मुलगी रोज चालतो, नवरा येत नाही. मुलगा दहावीला आहे, क्लासवरून रात्री साडेनऊला येतो, तेव्हा त्याला भूक आवरत नाही आणि नूडल्स हवे असतात. त्याच्यासाठी काय करू?

सातपूर, कारखान्यात शिफ्टची नोकरी

ताई, क्लासला जाताना साडेपाचला त्याला पोटभर द्या, पोळी-भाजी किंवा थालीपीठ-दही. म्हणजे रात्रीची भूक निम्मी होते. आल्यावर मुगाची खिचडी, ती कुकरला लावायचं काम त्याच्या वडिलांना सांगा. क्लास जवळ असेल तर त्याला आणायला वडिलांनी गाडी न काढता पायी जावं. जाताना एकटे, येताना दोघं. माझ्या मुलीशी माझं खरं बोलणं रस्त्यानेच होतं.