ब्लाइंड विली जॉन्सनची स्लाइड: सूर जुळेना, खडखड थांबेना

खर्ज: गिटारवर ब्लाइंड विली जॉन्सनचं 'डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड' बसवतोय. ओपन डी (मोकळ्या तारा छेडल्या की डी मेजर वाजेल अशी जुळणी) लावलंय, तरी रेकॉर्डिंगबरोबर सूर जुळत नाही. स्लाइडही (तारांवर सरकवायची नळी) फ्रेटवर आपटते. जॉन्सन स्लाइड म्हणून चाकू वापरायचा की बाटलीचा गळा?

जुनी_तबकडी: हे ध्वनिमुद्रण 3 डिसेंबर 1927 चं, डॅलसमध्ये कोलंबिया कंपनीसाठी केलेलं. तबकडी 78 ची (मिनिटाला 78 फेरे) म्हणायची, पण मुद्रणाचा वेग तंतोतंत 78 असेलच असं नाही. वेगात 6 टक्के फरक पडला की सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने सरकतो. तेव्हा गिटारच्या मागे लागू नका, रेकॉर्डिंगच सुरात आणा. सॉफ्टवेअरमध्ये वेग आणि सूर एकत्र बदला. नुसता सूर बदललात तर स्लाइडचा कंप फाटल्यासारखा ऐकू येतो.

सहावी_तार: जाड तारेपासून: डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. सहावी, दुसरी, पहिली पूर्ण स्वर उतरवा, तिसरी अर्धाच. पाचवी-चौथी तशीच. सुराच्या थोडं खाली जाऊन मग वर चढवत आणा, म्हणजे खुंटीतला ढिलेपणा निघतो.

खडखड बहुतेक पातळ तारांमुळे. 010 चा सेट (आकडा पहिल्या तारेच्या जाडीचा, इंचाच्या हजाराव्या भागात) ओपन डीमध्ये लोंबतो. 013 चा घ्या, पहिली तार हवी तर 015 किंवा 016. तारांची उंची थोडी वाढवा. स्लाइड करंगळीत, फ्रेटच्या धातूच्या पट्टीच्या बरोबर वर. दोन पट्ट्यांच्या मध्ये धरली की सूर कमी लागतो. स्लाइडच्या मागे उरलेली बोटं तारांवर नुसती टेकवा, नाहीतर मागचा तुकडाही वाजतो. खरी मेख इथेच आहे.

चाकू-बाटलीचा वाद जुनाच, दोन्ही बाजूंचे लोक आहेत. तुम्ही काच घ्या, बाकीची बोटं मोकळी राहतात.

खर्ज: अंगठ्याचा ठेका कुठे धरायचा?

जुनी_तबकडी: या गाण्यात ठेका नाहीच. गुणगुणणं आणि स्लाइड एकमेकांच्या श्वासावर चालतात. ठेक्यासाठी गिटारवर भक्तिगीतं गाणारा एडवर्ड क्लेबॉर्न ऐका, 1926 पासून व्होकॅलियन कंपनीच्या तबकड्यांवर. एकसुरी वाटेल, पण अंगठा पक्का होतो. गिटारवादक गॅरी डेव्हिसची 1935 ची ध्वनिमुद्रणं वेगळ्या वाटेची: फक्त अंगठा आणि तर्जनी, तेवढ्यात अख्खा पियानो. भक्तिगीतं गाणाऱ्या वॉशिंग्टन फिलिप्सला मात्र गिटारवाल्यांच्या यादीत घालू नका, त्याचं वाद्य झिदरच्या (सपाट पेटीवर ताणलेल्या तारांच्या) जातीचं.