कृषी पदवीधराने वैकल्पिक विषय कृषीच घ्यावा की समाजशास्त्र?

प्रश्न

मी कृषी शाखेची पदवीधर असून गेले आठ महिने यूपीएससीची तयारी करत आहे. निबंध आणि सामान्य अध्ययन मराठीतून लिहायचे, हे ठरले आहे. वैकल्पिक विषयापाशी मात्र गाडी अडली आहे. अभ्यासिकेतील बहुतेक जण समाजशास्त्र सुचवतात. अभ्यासक्रम आटोपशीर आहे, शिवाय सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पत्रिकेला त्याचा उपयोग होतो, हे त्यांचे म्हणणे मला पटतेही. दुसरीकडे कृषीची चार वर्षे अशी बाजूला टाकवत नाहीत. परंतु पदवीचे सारे शिक्षण इंग्रजीतून झाल्यामुळे वनस्पती प्रजनन किंवा मृदाशास्त्रावरील उत्तरे मराठीत कशी लिहावीत, हेच उमगत नाही. मराठी साहित्याचाही विचार मनात येऊन गेला. मुख्य परीक्षा प्रत्यक्ष दिलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

आपली खरी अडचण विषयाची नसून माध्यमाची आहे, आणि तिच्यावरचा उपाय आयोगाच्या अधिसूचनेतच आहे. ज्यांनी निबंध व सामान्य अध्ययनाच्या पत्रिकांसाठी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील एखादी भाषा निवडली आहे, त्यांना वैकल्पिक विषयाच्या पत्रिका इंग्रजीतून लिहिण्याची मुभा असते. म्हणजे सामान्य अध्ययन मराठीतून आणि कृषी इंग्रजीतून, असे आपल्याला करता येईल. फक्त अर्जात माध्यम नोंदवताना हा मुद्दा डोळ्यांत तेल घालून तपासावा. कृषीही मराठीतूनच लिहायचे ठरवले, तरी तांत्रिक संज्ञा कंसात इंग्रजीत देता येते. पण साहित्याचे विषय सोडले तर प्रश्नपत्रिका हिंदी व इंग्रजीतच छापलेली असते, त्यामुळे प्रश्न एका भाषेत वाचून उत्तर दुसऱ्या भाषेत मांडण्याचा सराव आधीपासून लागतो. ‘हेटेरोसिस’ला (संकरित पिढीत दिसणारा वाढीव जोम) मराठी शब्द आठवत बसण्यात परीक्षा कक्षातील दोन मिनिटे गेली, तर ती भरून काढता येत नाहीत.

उत्तर २

मी समाजशास्त्र घेऊन दोनदा मुख्य परीक्षा दिली. दोन्ही वेळा अंतिम यादीत नाव आले नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

2013 पासून दोनऐवजी एकच वैकल्पिक विषय राहिला आणि त्याला 1750 पैकी 500 गुण आहेत. त्यामुळे ‘स्कोअरिंग विषय कोणता?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. मीही तोच विचारला होता. अभ्यासक्रम लहान आहे एवढ्यावर मी निर्णय घेतला. मार्क्स, दुर्खीम, वेबर या समाजशास्त्रीय विचारवंतांच्या नोट्स पाठ झाल्या होत्या. प्रत्यक्ष पत्रिकेत वेबरच्या नोकरशाहीच्या संकल्पनेच्या मर्यादा विचारल्या होत्या. मी पानभर तिची लक्षणे लिहिली आणि मर्यादा शेवटच्या चार ओळींत उरकल्या. विषय वाचलेला होता, पण त्याच्याशी वाद घालण्याइतकी ओळख झालेली नव्हती. पत्रिकेत आठ प्रश्नांपैकी पाच सोडवायचे असतात, त्यांतील पहिला आणि पाचवा अनिवार्य, आणि या दोहोंत प्रत्येकी दीडशे शब्दांच्या पाच टिपा असतात. अभ्यासक्रमाचा एखादा कोपरा सोडलेला असेल, तर तो नेमका तिथे उघडा पडतो.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की, कोणताही क्लास लावण्यापूर्वी दोन्ही विषयांच्या मागील पाच वर्षांच्या पत्रिका समोर घ्याव्यात आणि आज, काहीही न वाचता, कोणत्या प्रश्नावर निदान अर्धे पान लिहिता येईल, यावर खूण करत जावे. त्यानंतर प्रत्येक विषयाचा एक घटक पंधरा दिवस वाचून, घड्याळ लावून त्यावरील तीन उत्तरे लिहावीत आणि ती त्या विषयाच्या जाणकाराकडून तपासून घ्यावीत. महिनाभर जाईल, पण चुकीच्या विषयात वर्ष घालवण्यापेक्षा तो सत्कारणी लागेल. सामान्य अध्ययनाला होणारा उपयोग म्हणाल, तर तो कृषीचाही आहे. पीकपद्धती, सिंचन, किमान आधारभूत किंमत हे सगळे तिसऱ्या पत्रिकेतच येते.

उत्तर ३

मराठी साहित्याबद्दल थोडेसे. मराठी चांगली लिहिता येते म्हणून हा विषय सोपा जाईल, असे कृपया समजू नये. पहिल्या पत्रिकेत भाषेचा इतिहास, अहिराणी, वऱ्हाडी, डांगी यांसारख्या बोली, लोकसाहित्य आणि समीक्षा आहे; दुसऱ्या पत्रिकेसाठी नेमलेले ग्रंथ मुळातून वाचणे अपेक्षित असते. ज्याला कविता दुसऱ्यांदा वाचावीशी वाटते, त्याने हा विषय अवश्य घ्यावा.

उत्तर ४

आपण राज्यसेवाही देणार असाल, तर एक गोष्ट जमेस धरावी. 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षाही वर्णनात्मक झाली असून तिथेही वैकल्पिक विषयाला 500 गुण आहेत. दोन्ही परीक्षांना एकच विषय ठेवला, तर तयारी दुहेरी होत नाही. मात्र दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवून फरक तपासणे आवश्यक आहे.

प्रश्नकर्ती

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल रात्री दोन्ही विषयांच्या पत्रिका घेऊन बसले. समाजशास्त्रात खुणा अधिक झाल्या, पण त्यांतील बहुतेक प्रश्नांवर वर्तमानपत्रात वाचलेलेच लिहू शकले असते. कृषीत खुणा कमी होत्या, तरी क्षारपड जमिनीच्या सुधारणेवरील उत्तर जिप्समच्या कार्यापासून निचऱ्यापर्यंत न अडखळता लिहून झाले, तेही इंग्रजीतून. पंधरा दिवसांचा प्रयोग उद्यापासून सुरू करत आहे. सुरुवात वनस्पती प्रजननाने करते, कारण भीती त्याचीच अधिक वाटते.