मदत हवी आहे : आईच्या सोनोग्राफीत सीबीडी (मुख्य पित्तनलिका) ९ मिमी, पुढे कोणती तपासणी?

नमस्कार मंडळी. आई ६८ वर्षांची. पित्ताशय २०१६ मध्येच दुर्बिणीतून काढलंय. हल्ली तेलकट खाल्लं की उजव्या बरगडीखाली कळ येते, ती पाठीपर्यंत जाते. ताप नाही, कावीळ नाही. रक्तात बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते) १.१, पण अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्ताची वाट अडली की वाढणारं एन्झाइम) वाढलेलं.

सोनोग्राफीत सीबीडी ९ मिमी. यकृतातल्या नलिका फुगलेल्या नाहीत. सीबीडीच्या खालच्या टोकाबद्दल मात्र 'गॅसमुळे दिसत नाही' एवढंच. डॉक्टरांनी आईला डाव्या कुशीवर वळवून, पाणी पाजून पुन्हा पाहिलं, तरी ड्युओडेनममागचा (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागामागचा) भाग दिसेना. नेमका खडा अडकतो तो तिथेच!

पित्ताशय काढल्यावर नलिका १० मिमीपर्यंत रुंद असू शकते, हे मला माहीत आहे. नुसत्या ९ आकड्याने मी घाबरलो नसतो. पण कळ आणि रक्ताचा रिपोर्ट जोडीला आहेत, म्हणून धाकधूक.

डॉक्टर एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) म्हणाले. अडचण अशी की आईला जुना पेसमेकर आहे, तो एमआरआयला चालणारा नाही. थेट ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून नलिकेतला खडा काढणं) नको वाटते, स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो आणि खडा आहे की नाही हेच अजून नक्की नाही.

अशा वेळी एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड (तोंडातून दुर्बीण घालून आतून केलेली सोनोग्राफी) कुणी केलंय का? हृदयरोग्याला त्याची भूल कितपत झेपते? ॲस्पिरिन चालू आहे, ते थांबवायला सांगतात का? नाशिकमध्ये कुठे होतं आणि साधारण खर्च किती? इथल्या गॅस्ट्रोच्या डॉक्टरांनी दोन ओळी लिहिल्या तरी फार मदत होईल.