मदत हवी आहे: लेकीचे खेळ आणि माझं लिखाण

दिवाळी अंकासाठी मुलांची कथा लिहितेय. लेक सहा वर्षांची. तिच्या गोष्टीत मांजर रिक्षा चालवतं, चंद्राला गालगुंड होतं. माझ्या गोष्टीत मात्र तिसऱ्याच परिच्छेदात कुणीतरी शहाणं होतं! रात्री आमच्या भेंड्या, कोडी, उलट्यापालट्या म्हणी रंगतात, पण मी वही उघडली की बाईसाहेब गप्प. हेरगिरी वाटत असावी. बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंक ऑनलाइन चाळले. छान आहेत, पण तिच्या वयाला जरा मोठे. लिहिणाऱ्या आईबाबांनो, पोरांचा खेळ न मोडता त्यातलं कागदावर कसं आणता? आणि शेवटी तात्पर्य घुसू नये म्हणून काय करता? मसुदा ऑगस्टअखेर द्यायचाय.