मदत हवी आहे: शेंगा चटणीच्या लेबलसाठी जुन्या वळणाचा मराठी फॉन्ट

नमस्कार मंडळी,

आमच्या वहिनी सोलापुरात घरगुती शेंगा चटणी आणि कडक भाकऱ्या करून विकतात. यंदा गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल टाकायचा विचार आहे. बरणीचं लेबल आणि कापडी पिशवी माझ्या गळ्यात पडलीय. वहिनींना पूर्वीच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांवर असायची तसली अक्षरं हवीत. गुबगुबीत, वेलांटीला गिरकी, जरा खट्याळ.

इंग्रजीत असले फॉन्ट पोत्याने मिळतात. 'श्रीखंड' तर अगदी मनासारखा, पण त्यात गुजराती आणि रोमन आहे, देवनागरी नाही. मग उरले तीन. 'मोदक' गोंडस आहे, पण अक्षरांतल्या फटी इतक्या बारीक की पिशवीवर स्क्रीन प्रिंटिंगची शाई पसरून सगळं एकजीव होईल अशी भीती वाटते. 'यात्रा वन' मुंबई लोकलच्या रंगवलेल्या पाट्यांवरून बेतलेला, म्हणून चटणीऐवजी दादर आठवतं. 'रोझा वन'ची जाड-बारीक रेघ सुंदर आहे, पण फार गंभीर.

दुसरी पंचाईत छपाईची. इथले छापखानेवाले काका कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती आणि श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर वापरतात. युनिकोड मजकूर (मोबाइलवर, इंटरनेटवर टाइप करतो तसला) दिला की ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी जाते.

आणि हे फॉन्ट विक्रीच्या मालावर वापरले तर चालतात ना?

प्रतिसाद १
तिन्ही गूगल फॉन्ट्सवर आहेत, परवाना ओपन फॉन्ट लायसन्स. मालावर, पाटीवर, लोगोत बिनधास्त वापरा. नुसती फॉन्टची फाइल विकायची नाही, एवढंच. 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' लिहिलेले फुकट फॉन्ट मात्र टाळा.
काकांना मजकूर देऊच नका. इंकस्केप या मोफत ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये टाइप करा, 'ऑब्जेक्ट टू पाथ' करून पीडीएफ द्या. मग अक्षरं नुसते आकार होतात, वेलांटी हलत नाही. शुद्धलेखन त्याआधीच तपासा.

प्रतिसाद २
निवडण्याआधी 'सोलापुरी शेंगा चटणी' आणि 'भाकऱ्या' लिहून बघा. ल पाकळीचा आणि श देठाचा, म्हणजे हिंदी नव्हे तर मराठी वळणाचा, येतो का? काही फॉन्टांत हे वळण असतं, पण मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय दिसत नाही. आणि 'ऱ्या' नक्षीदार फॉन्टात हमखास तुटतो.
माझं मत 'मोदक'लाच. फक्त नावापुरता, मोठ्ठा, पिशवीवर तर हातभर. वजन, घटक, तारीख 'मुक्ता' या साध्या फॉन्टात घ्या. तिथे गिरक्या नकोत, ग्राहकाला वाचता आलं पाहिजे.

धागाकर्ता
'ऱ्या' तपासला, 'मोदक'मध्ये नीट येतोय. आधी एका पिशवीवर नमुना काढून बघतो. लाल शाई घ्यावी की काळी? कापड कोरं, पिवळसर आहे.